ई-स्पोर्ट्स : श्रम मुलांचे, मैदान कोणाचे?

पालकसभांमध्ये एक प्रश्न आम्हांला पूर्वीपासून विचारला जातो. ‘मुलगा रात्रंदिवस मोबाईलवर खेळतो, त्याला आवरावे कसे?’ अलीकडे या प्रश्नाचे रूप पालटले आहे. ‘मुलगा म्हणतो, हेच माझे करिअर आहे. लाखोंची बक्षिसे आहेत, सरकारची मान्यता आहे. मग त्याला आम्ही नाही म्हणावे ते कोणत्या आधारावर?’ पहिल्या प्रश्नाला शिस्तीचे चार शब्द पुरत असत. दुसऱ्या प्रश्नाला ते पुरत नाहीत, कारण मुलगा सांगतो ती माहिती बहुतांशी खरी असते.

ई-स्पोर्ट्स म्हणजे संगणक, मोबाईल वा अन्य यंत्रांवरील व्हिडिओ खेळांच्या स्पर्धा. २०१८ साली जकार्ता-पालेमबांग येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत त्या केवळ प्रदर्शनीय स्वरूपात झाल्या. त्या वेळी ‘हार्थस्टोन’ या खेळात भारताच्या तीर्थ मेहता याने कांस्यपदक मिळविले, पण पदकतालिकेत त्याची गणना झाली नाही. २०२३ साली हांगझोऊ येथे मात्र या खेळांना अधिकृत पदके दिली गेली आणि २०२६ च्या जपानमधील स्पर्धांच्या कार्यक्रमातही त्यांचा समावेश करण्यात आला. सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथे २०२४ साली झालेल्या ‘ई-स्पोर्ट्स विश्वचषका’ची एकूण बक्षिसे सहा कोटी डॉलरच्या घरात होती, २०२५ साली ती सात कोटींच्या घरात गेली. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचा विषय केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. हे सारे पाहता मुलाचे स्वप्न पोरकट म्हणून झटकून टाकता येत नाही.

त्या स्वप्नाची किंमत कोण मोजतो, आणि ती कोणाच्या हिशेबात धरली जाते, हा या लेखापुरता आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण दक्षिण कोरियाकडे पाहू. आज आपल्याकडे जे घडत आहे, त्यातून तो देश पंचवीस वर्षांपूर्वीच गेला. शिवाय आपली मुले ज्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ अर्थात ‘बीजीएमआय’ या खेळात गुंतलेली असतात, तो चालविणारी ‘क्राफ्टन’ ही कंपनीही त्याच देशातील आहे.

आर्थिक संकटातून उगम

१९९७ साली आशियातील आर्थिक संकटात कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली आणि त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारी जावे लागले. असंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतील कित्येकांनी हाती आलेल्या पैशांतून ‘पीसी बांग’ उघडले. ‘बांग’ म्हणजे खोली. आपल्याकडील सायबर कॅफेसारखीच ती जागा. त्याच सुमारास सरकारने ब्रॉडबँडचे जाळे देशभर पसरविले. १९९८ साली अमेरिकेतील ‘ब्लिझार्ड’ कंपनीचा ‘स्टारक्राफ्ट’ हा युद्धनीतीचा खेळ बाजारात आला. बेकार तरुण, स्वस्त खोल्या, वेगवान जाळे आणि नवा खेळ अशा चार गोष्टी एकत्र आल्या आणि एक उद्योग जन्माला आला.

२००० साली केवळ या खेळांना वाहिलेली दूरचित्रवाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी सरकारच्या संमतीने कोरियन ई-स्पोर्ट्स संघटना स्थापन झाली. मोठ्या कंपन्यांनी संघ विकत घेतले. २००४ साली बुसान शहरातील ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला सुमारे एक लाख प्रेक्षक जमल्याचे सांगितले जाते. २००७ साली तर हवाई दलानेच आपला संघ उभा केला, जेणेकरून अनिवार्य लष्करी सेवेच्या काळात खेळाडूंचा सराव तुटू नये. एखाद्या समाजाने एखाद्या खेळाला याहून अधिक मान तो काय द्यावा?

मनोरंजन नव्हे, श्रम

या मानाच्या मागे मोठे कष्ट आहेत. कोरियातील संघांनी आपल्या खेळाडूंसाठी निवासाची घरे घेतली. तेथे पंधरा-सोळा वर्षांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करीत. ‘स्टारक्राफ्ट’चा निष्णात खेळाडू मिनिटाला तीनशेच्या आसपास आज्ञा देतो, म्हणजे दर सेकंदाला पाच. ती बोटांची कसरत आहे आणि बुद्धीचीही. प्रतिस्पर्ध्याने पुढे काय करावयाचे ठरविले असेल, याचा अंदाज प्रत्येक क्षणी बांधावा लागतो. त्यामुळे ‘नुसते बसून खेळतो’ हे पालकांचे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. मूल थकते ते खरोखर थकलेले असते.

शरीर या श्रमांची नोंद ठेवते. मनगटाच्या शिरा व स्नायुबंध सुजतात, मान व पाठ आखडते, झोपेचे वेळापत्रक उलटेपालटे होते. चीनमधील ‘लीग ऑफ लेजेंड्स’चा सुप्रसिद्ध खेळाडू जियान झिहाओ, ज्याला चाहते ‘उझी’ या नावाने ओळखतात, त्याने जून २०२० मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. मधुमेह आणि हाताची दुखापत ही कारणे त्याने दिली. पुढे तो काही काळ पुन्हा मैदानात उतरला. तथापि ज्या वयात आपल्याकडील तरुण पहिल्या नोकरीच्या शोधात असतो, त्या वयात त्याने प्रकृतीपायी काम सोडले होते, ही नोंद पुसली जात नाही.

याच खेळातील कोरियाचा ली सांग-ह्योक, म्हणजेच ‘फेकर’, हा आज मुलांचा आदर्श आहे. त्याने शाळा अर्धवट सोडून २०१३ साली व्यावसायिक संघात प्रवेश केला, त्याच वर्षी जगज्जेतेपद मिळविले आणि २०२५ अखेरपर्यंत अशी सहा जगज्जेतेपदे आपल्या नावे केली. हांगझोऊ येथील सुवर्णपदकामुळे त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना लष्करी सेवेतून सूटही मिळाली. मात्र २०२३ च्या उन्हाळ्यात हाताच्या दुखण्यामुळे त्यालाही काही आठवडे बाहेर बसावे लागले होते. त्याच्यापाशी नामवंत संघ आणि उपचारांची सोय होती. घरात एकटाच सराव करणाऱ्या मुलापाशी काय असते?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात स्वीकारला आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्या व्याख्येत तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, अन्य सर्व गोष्टींहून खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे सर्व साधारणतः वर्षभर टिकणे, ही तिची लक्षणे. म्हणजे खूप खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. परंतु जे आजारी नाही ते सुरक्षित आहे, असाही याचा अर्थ होत नाही. शेतमजुराला व्यसन नसते, म्हणून त्याची पाठ दुखायची राहत नाही.

पन्नास जागा

‘लीग ऑफ लेजेंड्स’च्या कोरियातील सर्वोच्च साखळीत दहा संघ आहेत. सामन्यात एका संघाचे पाच खेळाडू उतरतात. दहा गुणिले पाच, पन्नास. एका संपूर्ण राष्ट्रात, जेथे हा खेळ गल्लीगल्लीत खेळला जातो, तेथे वरच्या पंक्तीत मुख्य खेळाडूंच्या एवढ्याच जागा.

आता आपल्याकडे पाहू. जुलै २०२२ मध्ये ‘बीजीएमआय’च्या नोंदणीकृत खेळाडूंची संख्या दहा कोटींवर गेल्याचे ‘क्राफ्टन’ने जाहीर केले होते. या खेळाच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत सोळा संघ आणि प्रत्येकी चार खेळाडू, म्हणजे चौसष्ट मुले खेळतात. २०२३ च्या अशा एका स्पर्धेत दोन कोटी रुपयांची बक्षिसे होती. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ती चौसष्ट मुले दिसतात. त्यांच्याइतकाच सराव करून पासष्टावा किंवा पाच हजारावा आलेला मुलगा कोणाला दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, की क्रिकेटचे तरी काय वेगळे आहे? तेथेही अकराच खेळतात. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. भारताच्या संघात ज्याला जागा मिळाली नाही, तो रणजी खेळतो, क्लबकडून खेळतो, प्रशिक्षक होतो, पंच होतो, खेळाच्या राखीव जागेतून नोकरी मिळवितो. उतरण्यासाठी पायऱ्या आहेत. ई-स्पोर्ट्समध्ये अशा पायऱ्या अद्याप पुरेशा बांधल्या गेलेल्या नाहीत. आणखी एक मोठा फरक आहे. क्रिकेटची बॅट एखाद्या कंपनीची असते, पण क्रिकेट कोणत्याही कंपनीचे नसते. व्हिडिओ खेळ मात्र मुळापासून कंपनीची मालमत्ता असतो.

मालकाने दार लावले, तर?

डिसेंबर २०१८ मध्ये ‘ब्लिझार्ड’ने आपल्या ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’ या खेळाची व्यावसायिक साखळी पुढील वर्षी होणार नसल्याचे एका निवेदनाद्वारे जाहीर केले. खेळाडू, प्रशिक्षक व समालोचक यांची उपजीविका त्या एका निवेदनासरशी संपली. ज्या कौशल्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षे दिली होती, त्याला दुसरे मैदानच नव्हते.

भारतातील अनुभव याहून निराळा असला, तरी परिणाम तोच. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाईल’ होता. २०२१ च्या जुलै महिन्यात तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नव्या नावाने परतला. जून-जुलै २०२२ मध्ये त्याची एक स्पर्धा ‘स्टार स्पोर्ट्स’च्या वाहिनीवर दाखविली गेली. घराघरांतील पालकांनी प्रथमच आपल्या मुलांचा खेळ क्रिकेटच्या वाहिनीवर पाहिला. आणि २८ जुलै २०२२ रोजी सरकारी आदेशानुसार तो खेळ गूगल व अॅपलच्या दुकानांतून अदृश्य झाला. मे २०२३ मध्ये तो पुन्हा आला, तोही आरंभी तीन महिन्यांच्या परीक्षणासाठी. मधले दहा महिने त्या खेळावर पोट असणाऱ्या तरुणांनी काय केले असेल, याची कल्पना करावी.

देशाच्या सुरक्षिततेचा विचार करून सरकारने घेतलेल्या निर्णयाची चिकित्सा करण्याचा येथे आमचा हेतू नाही. मुद्दा एवढाच, की ज्या मैदानावर मूल आपले भवितव्य बांधू पाहते, त्या मैदानाला दोन मालक आहेत. एक कंपनी आणि दुसरे सरकार. त्यांपैकी कोणीही एका दिवसात दार लावू शकतो. जागतिक पातळीवरही हीच अस्थिरता आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जुलै २०२४ मध्ये सौदी अरेबियाशी ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स स्पर्धांसाठी बारा वर्षांची भागीदारी जाहीर केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती परस्पर संमतीने संपुष्टातही आली.

घड्याळाचा कायदा आणि कराराचा कायदा

कोरियाने या प्रश्नावर दोन प्रकारचे कायदे करून पाहिले. त्यांची तुलना आपल्याला बरेच काही शिकवून जाते.

२०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद करण्याचा कायदा तेथे झाला. हेतू उदात्त होता. २०१२ साली एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत पंधरा वर्षांचा एक कोरियन मुलगा खेळत असता मध्यरात्र झाली आणि कायद्याने त्याला बाहेर काढले. तो दुसऱ्या खात्यावरून परत आत आला. अखेर त्या कायद्याचा उपयोग होत नाही असे मान्य करून तो जानेवारी २०२२ पासून रद्द करण्यात आला. चीनने २०२१ साली याहून कठोर नियम केला. अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास.

त्या पंधरा वर्षांच्या मुलाची पुढील कथा सांगितली पाहिजे. त्याचे नाव देण्याचे कारण नाही. त्याच वर्षी त्याने कोरियातील मानाची स्पर्धा जिंकली. सतराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. एकोणिसाव्या वर्षी सामनानिश्चितीच्या आरोपावरून त्याला अटक झाली. पैसे घेऊन मुद्दाम हरल्याचे सिद्ध झाले, न्यायालयाने स्थगित कारावास व दंड ठोठावला आणि संघटनेने त्याच्यावर कायमची बंदी घातली. याआधी २०१० सालीही अशाच प्रकरणात अकरा खेळाडूंना कायमचे बाहेर काढण्यात आले होते. अपराध त्यांचा होताच. तो आम्ही सौम्य करू इच्छित नाही. पण पंधराव्या वर्षी कीर्ती, पैसा आणि सट्टेबाजांची नजर ज्याच्यावर येऊन पडते, त्याच्या पाठीशी कोणते वडीलधारे उभे होते? रात्री बारा वाजता त्याचे यंत्र बंद करणारा कायदा होता. तो दिवसभर कोणाच्या हाती आहे, हे विचारणारा कायदा नव्हता.

असा कायदा यायला आणखी एक प्रकरण घडावे लागले. २०१९ साली कायद्याने अज्ञान असलेल्या एका खेळाडूवर दबाव आणून त्याला दीर्घ मुदतीच्या कराराने चिनी संघाकडे पाठविल्याचे त्याच्या माजी प्रशिक्षकाने उघड केले. दोन लाखांहून अधिक नागरिकांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे याचिका केली. २०२० साली कोरियाच्या संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि सरकारने ई-स्पोर्ट्स खेळाडूंसाठी प्रमाणित करारपत्रे प्रसिद्ध केली; त्यांत अज्ञान मुलांसाठी स्वतंत्र करारपत्र आहे. घड्याळाचा कायदा गेला, कराराचा राहिला. पहिल्याने मुलाला आवरण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्याने मुलाकडून काम करून घेणाऱ्या मोठ्यांवर बंधन घातले. आमच्या मते संपूर्ण विषयाचे मर्म यात आहे.

आपल्या दारी आलेला प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना, त्यांच्या जाहिरातींना व त्यांच्या आर्थिक व्यवहारांना या कायद्याने मनाई केली. कर्ज काढून असे खेळ खेळणाऱ्या तरुणांची कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, ते या तरतुदीचे स्वागतच करतील. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली आणि त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे व प्रशिक्षण संस्था यांची तरतूद केली. जुगार व खेळ यांत रेषा ओढली गेली, हे योग्य झाले.

परंतु जुगार नाही म्हणजे शोषण नाही, असे समजण्याचे कारण नाही. उद्या प्रशिक्षण संस्था उभ्या राहतील, तेव्हा त्यांत दाखल होणारी मुले बहुधा चौदा-पंधरा वर्षांची असतील. त्यांची शाळा सुरू राहील का? दिवसाचे किती तास सराव? डॉक्टर कोण? संघ बंद पडला तर पगार किती महिने? खेळच बंद पडला तर? या प्रश्नांची उत्तरे नियमांत लिहिली जावीत, असा आग्रह पालकांनी, शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी आताच धरावयास हवा.

घरापुरते सांगावयाचे, तर एक गोष्ट प्रत्येक पालकाच्या हाती आहे. भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. म्हणून मुलाला संघात घेताना सही मागितली जाते ती आई-वडिलांची. मुलाच्या आनंदात सहभागी होऊन ती सही घाईने दिली जाते, आणि कागद बहुधा इंग्रजीत असतो. तो वाचून घ्यावा. समजत नसेल तर जाणत्या वकिलाकडून समजून घ्यावा. करार किती वर्षांचा, बक्षिसातील वाटा किती, सोडून जायचे झाल्यास दंड किती, परीक्षेच्या काळात सुटी आहे की नाही, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. ज्या संघाला हे प्रश्न आवडत नाहीत, तो संघ आपल्या मुलासाठी नाही.

दुसरे असे की, मुलाच्या शेजारी बसून त्याचा एक पूर्ण सामना पाहावा. आपल्याला त्यातले फारसे कळणार नाही, तरी चालेल. तो काय करतो हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या ‘आता झोप’ या शब्दाला वजन येते. न पाहताच ‘बंद कर ते’ म्हणणाऱ्याला मूल मनातल्या मनात उत्तर देते आणि दार लावून घेते.

तिसरे म्हणजे, शाळा सोडण्याची घाई करू देऊ नये. ‘फेकर’ने शाळा सोडली हे मुले सांगतात. शाळा सोडून जे पन्नासांत आले नाहीत, त्यांची नावे मुलांना ठाऊक नसतात. ती कोणालाच ठाऊक नसतात. याच्या जोडीला हांगझोऊचेच दुसरे उदाहरण मुलांना सांगावे. ‘स्ट्रीट फायटर’ या खेळात सुवर्णपदक मिळविणारा कोरियाचा किम ग्वान-वू त्या वेळी चव्वेचाळीस वर्षांचा होता. काही खेळांत तरी माणसाला थांबता येते, वाट पाहता येते. सोळाव्या वर्षी सारे काही पणाला लावले नाही तर संधी कायमची गेली, हे प्रत्येक वेळी खरे नसते.

‘त्याला नाही म्हणावे, तर कोणत्या आधारावर?’ असे विचारणाऱ्या त्या पालकांना आमचे उत्तर असे आहे. लगेच नाही म्हणू नका, आणि बक्षिसाचा आकडा ऐकून लगेच होही म्हणू नका. त्याच्या खेळाला काम समजा आणि कोणत्याही कामाबद्दल आपण जे विचारतो तेच विचारा. कामाचे तास किती, मोबदला किती, मालक कोण, आणि उद्या काम गेले तर माझ्या मुलाला विचारणारे कोणी आहे का? या शेवटच्या प्रश्नाला आज फारसे कोणी उत्तर देत नाही. ते उत्तर मिळेपर्यंत मुलामागे उभे राहण्याचे काम घरालाच करावे लागणार आहे.